पदवी आणि पात्रता

महाराष्ट्रात उच्च शिक्षण किती पसरले, असे विचारले की आम्ही सारे एक आकडा पुढे करतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण आपल्या राज्यात शेकडा ३५ च्या घरात होते, देशाचे २८.४, तर तमिळनाडूचे ४७. पण हा आकडा नाव घातल्याचा आहे. शिक्षण पुरे केल्याचा तो नव्हे, आणि काम येत असल्याचा तर नव्हेच. या तीन पायऱ्या निराळ्या आहेत.

त्यांची गल्लत आजची नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवणे महाविद्यालयांकडे, पारखणे विद्यापीठाकडे. प्रत्यक्ष कामाची सवय लावणे मात्र बहुधा कोणाकडेच नाही, अशी वाटणी झाली. कचेऱ्यांत जागा होत्या तोवर पदवी हीच पात्रता ठरे. पदवीधर वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, तेव्हा उणीव उघडी पडली. तिची झळ लागते ती शेत गहाण टाकून मुलाला शिकवणाऱ्या घराला.

उपायाची वाट आपल्याच मातीत पडलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व चालवले. श्रमाने शिक्षणाचा खर्च भागे, आणि हाताला कामाचे वळणही लागे.

कायदाही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आहे; ४ ते २९ असल्यास ते ऐच्छिक आहे.

कोणी म्हणेल, विद्यापीठ म्हणजे कारखान्याची उमेदवारशाळा नव्हे. आम्हांलाही ते मान्य आहे. विचार करायला शिकवणे हेच त्याचे पहिले काम. पण काम शिकण्याची जागा कोणी तरी द्यावी लागते, आणि ती आपल्याच गावच्या छापखान्यात, पेढीत, कारखान्यात आहे. आपणांपैकी ज्यांच्या पदरी चार माणसे आहेत, त्यांनी पाचवी जागा एका उमेदवारासाठी राखावी. कायदा त्यांना भाग पाडीत नाही. म्हणूनच ही गोष्ट आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.