पाव तोळ्याचं पत्र

१८५४ च्या अखेरीस चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, सावकाराला नागपूरच्या पेढीला पत्र धाडायचं, तर दौत-लेखणीइतकीच तराजूचीही गरज होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनी सरकारने देशभर एकच दर लावला होता : पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा. अंतर कितीही असो! पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आज झेरॉक्सला वापरतो तो ए-फोर कागद साडेचार ग्रॅमच्या वर भरतो. तो कोराच पाठवला तरी एक आणा पडला असता. तिकीट न लावता पत्र टाकलं, तर घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड.

योगायोग असा, की चांद्यात कंपनीचा थेट अंमल आणि अर्ध्या आण्याचं तिकीट एकाच वर्षी आले. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. कंपनीच्या मुलखात पैसे घेऊन पत्रं पोचवण्याचा मक्ता १८३७ च्या कायद्यानेच सरकारकडे गेला होता. आता भोसल्यांचा मुलूखही त्यात आला.

पण रान तेच होतं. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेला भाला. हरकारा धावायचा आणि ठरल्या टप्प्यावर थैली पुढच्याच्या हवाली करायचा. वाटेत वाघ, पूर, चोर. थैलीत हुंडी, म्हणजे परगावच्या पेढीने पैसे द्यावेत असा लेखी आदेश, असली तर?

व्यापाऱ्यांनी याचं उत्तर टपालखात्याच्या कितीतरी आधी शोधलं होतं. हुंडीत रक्कम आकड्यात, अक्षरात, शिवाय ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर’ अशीही लिहीत; म्हणजे एका शून्याची भर घालून कुणाला फसवता येऊ नये. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर दुसरी प्रत निघे, ती ‘पेठ’. तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की वहीत नोंद पडे आणि मागच्या प्रती निकामी ठरत. कागद हरवणारच, हे धरूनच सगळी व्यवस्था उभी होती!

पत्रांपाठोपाठ तार आली. एप्रिल १८५८ मध्ये प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर कंपनीविरुद्ध बंड पुकारलेल्या बाबुराव शेडमाके यांच्या लोकांनी हल्ला केला; गार्टलँड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्यात फाशी झाली. पुढे स्वतंत्र भारताच्या टपालखात्याने त्यांचंच तिकीट काढलं.

१८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनिऑर्डर. छोट्या रकमेसाठी आता पेढीची पायरी चढायची गरज उरली नाही.

या बदलाचा पुरावा सरकारी दप्तरात अर्धाच सापडतो. उरलेला घरोघरच्या रोजकीर्द-खतावण्यांत आणि मोडीतल्या पत्रांत आहे. पत्र कुठून निघालं, कुठल्या वाटेने गेलं, किती दिवसांनी पोचलं, हे पाठीवरचे शिक्के सांगतात. म्हणून माळ्यावर असं बाड सापडलं तर तिकीट कापून घेऊ नका, वह्या रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याला किंवा नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला आधी दाखवा.