फी माफ झाली म्हणजे काय काय माफ झालं?

बारावीचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुलींचं सगळं शिक्षण आता फुकट झालंय, घाला तिला इंजिनिअरिंगला." या एका वाक्यात तीन गैरसमज आहेत, आणि त्यांची किंमत शेवटी त्या मुलीलाच मोजावी लागते.

पहिला 'सगळं' या शब्दातला. 8 जुलै 2024च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत 50 टक्क्यांवरून 100 टक्के केली. माफी या दोन शुल्कांची आहे. वसतिगृह, खाणावळ, एसटीचा पास, पुस्तकं यांचा खर्च घरच्यांनीच करायचा.

दुसरा 'मुलींचं' या शब्दातला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही वाढीव सवलत आहे. म्हणजे "ओपनवाल्यांना काही नाही" हेही खरं नाही. खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकाच्या मुली यात येतात. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, किंवा खासगी अभिमत विद्यापीठात नाव घातलं, तर सवलत नाही. पालक इथेच सर्वांत जास्त फसतात. कॅपच्या पहिल्या फेरीत मनासारखं मिळालं नाही की घाईघाईने कोट्यातली जागा पकडतात आणि मग महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सवलतीचा अर्ज भरायला बसतात. हा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, हेही दुसऱ्या वर्षी अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

मुलांना काहीच नाही, असंही म्हटलं जातं. दुर्बल घटकातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी सवलत मिळते.

तिसरा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो: ही सवलत म्हणजे इंजिनिअरिंगची सवलत. निर्णयात वैद्यकीय, कृषी आणि मत्स्य शिक्षणही आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981पासून रत्नागिरी शहराच्या वेशीवर उभं आहे, कृषी विद्यापीठ दापोलीत आहे, आणि 2023पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. समुद्राकाठी वाढलेल्या, जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलीला फक्त 'फुकट' म्हणून कॉम्प्युटर शाखेत ढकलणं हा तिच्यावर अन्याय आहे. (एमबीबीएस शासकीय महाविद्यालयातून केलं तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती मुलामुलींना सारखीच, तिचा या सवलतीशी संबंध नाही.)

फी कमी-जास्त केली की विद्यार्थी सरकारला हव्या त्या विषयाकडे वळतात का? ऑस्ट्रेलियाने 2021मध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. शेती आणि गणिताची फी 62 टक्क्यांनी उतरवली, समाजशास्त्र-संस्कृतीच्या विषयांची 113 टक्क्यांनी चढवली. 2024मध्ये तिथल्या उच्च शिक्षणाच्या आढावा समितीने ही रचना तातडीने बदलायला सांगितलं. मुलं बहुतेक आवडीच्याच विषयाला गेली, फक्त काहींच्या डोक्यावरचं कर्ज वाढलं.

आपल्याकडे आवडीच्या आधी अंतर आडवं येतं. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, मध्ये खाड्या आणि घाट. दापोली तालुक्यातल्या मुरूडहून धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे 1916मध्ये त्यांनीच महिला विद्यापीठ काढलं. आज एसटी आहे, पण गुहागरच्या मुलीला पुण्यात कॉलेज मिळालं तर तिथल्या खोलीचं भाडं कुठून आणायचं, यावरच घरात निर्णय होतो. फी माफ असूनही ती जागा सोडली जाते.

या राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलामुलींसाठी. कोकणात बहुतेकांची जमीन गुंठ्यांतच, पण सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची दहा नावं, त्यामुळे अल्पभूधारकाचा दाखला काढायला तहसील कार्यालयात खेपा होतात. तो दाखला आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर नव्हे, बारावीचं वर्ष सुरू असतानाच काढायला घ्यावा.