कर्करोगाच्या नव्या गोळीची पारख

"कर्करोगावर आता नुसत्या गोळ्या निघाल्या आहेत, सलाईन नको नि इंजेक्शन नको," असे हल्ली बाजारात आणि लग्नाच्या मांडवातही ऐकू येते. त्यात तथ्य आहे. परंतु 'निघाल्या' म्हणजे नेमके काय झाले, आणि एका रोगाला लागू पडलेली गोळी दुसऱ्या रोगाला का लागू पडत नाही, हे शेतकरी कुटुंबांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवून औषधापायी जमीन गहाण टाकण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. उदाहरणादाखल सोराफेनिब नावाची गोळी घेऊ.

मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा, जो कर्करोग नेहमी आढळतो त्यात बहुतेक रोग्यांच्या गाठीतील एक जनुक बिघडलेले असते. त्यामुळे गाठ सतत रक्तवाहिन्यांना निरोप धाडते आणि नव्या वाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. आंब्यावरचे बांडगूळ झाडाच्याच रसावर पोसते, तसा हा प्रकार. सोराफेनिब हा निरोप मध्येच अडवते, त्यामुळे गाठीची वाढ रोखली जाते. जुनी औषधे वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाला घालतात. ही गोळी ठराविक निशाणावर बसते. तरीसुद्धा ती निरुपद्रवी नव्हे. जुलाब होतात, रक्तदाब वाढतो, काहींचे केसही गळतात. आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, फोड येतात. खुरपे धरणाऱ्याला आणि अनवाणी बांधावर फिरणाऱ्याला हे शेवटचे दुखणे किती जड जाईल ते सांगायला नको.

आता पारख कशी झाली ते पाहू. प्रथम थोड्या रोग्यांना चढत्या मात्रेने गोळी देऊन अंगाला किती सोसते ते ठरले : ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मग किडनीच्या २०२ रोग्यांना ती बारा आठवडे दिली. त्यांतले ज्यांची गाठ ना धड वाढली ना आटली अशा ६५ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला गोळी चालू ठेवली, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. आणखी बारा आठवड्यांनी पहिल्या गटात शेकडा ५० जणांचा रोग जागच्या जागी होता, दुसऱ्यात शेकडा १८ जणांचा. नवे बियाणे आपण जुन्याच्या शेजारच्या वाफ्यात, त्याच पाण्यावर लावून पाहतो ना? शेजारचा वाफा नसेल तर पीक बियाण्याने आले की पावसाने, हे कळणार कसे?

त्यानंतर २००३ ते २००५ या काळात ९०३ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या रोग्यांचा रोग पुढे सरकेपर्यंत गोळीच्या गटात साडेपाच महिने गेले, दुसऱ्या गटात २.८ महिने. हा फरक दिसताच दुसऱ्या गटालाही खरी गोळी देऊ केली गेली. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. वाचकहो, आकडे नीट वाचा : रोग थोपला, मुळापासून गेला नाही. गाठ लक्षणीय आटली असे रोगी शंभरांत दहाच होते.

किडनीत चालली, मग फुप्फुसात का नाही? तेही करून पाहिले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९२६ रोग्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सोराफेनिब किंवा नुसती गोळी दिली. आयुष्य वाढले नाही : १०.७ महिने आणि १०.६ महिने. उलट त्या रोगाच्या 'स्क्वेमस' नावाच्या प्रकारात गोळी घेणारे लवकर दगावले, ८.९ महिन्यांत, न घेणारे १३.६ महिने जगले. २००८ मध्ये चाचणी थांबवली. चाचणीच झाली नसती तर ही गोळी कितीजणांना आशेने दिली गेली असती!

फुप्फुसाला वेगळ्या निशाणाची गोळी लागते. गेफिटिनिब ही तशी एक. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील चाचणीत, गाठीत 'ईजीएफआर' जनुकाचा बदल असलेल्यांना ती सलाईनमधील औषधांपेक्षा सरस ठरली. बदल नसलेल्यांचा रोग मात्र दीड महिन्यातच पुढे गेला. म्हणून गाठीच्या तुकड्याची जनुक-तपासणी आधी, गोळी नंतर.

किमतीचेही सांगितले पाहिजे. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि १२० गोळ्यांची किंमत ८,८०० रुपये ठरवली. आपल्या देशातला हा असा पहिलाच परवाना. किडनीसाठी पुढे याहून सरस गोळ्या आणि प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शने आली, म्हणून सोराफेनिब आता तेथे मागे पडली आहे.

कोणा डॉक्टरांनी घरच्या रोग्याला चाचणीत येण्याविषयी विचारले तर घाबरून पळू नये, आणि अंगठाही घाईने उठवू नये. संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घ्यावे. दुसऱ्या गटाला काय मिळणार आणि इजा झाल्यास उपचार कोण करणार, हे विचारावे. भारतातील चाचण्यांची सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मधेच बाहेर पडण्याची मोकळीक रोग्याला असते, आणि त्यापायी त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.