उपसा, पण आधी चाचणी!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. समजा, अशा शहरात पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली तर? पेट्रोल हलकं, ते भूजलावर तरंगतं. पण त्यातलं बेंझीन पाण्यात थोडं विरघळतं आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम!

मग उपसून टाकू सगळं पाणी? थांबा. नांदेड-लातूरखाली आहे बेसॉल्टचा काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरुमात आणि भेगांत. म्हणून आधी पंपिंग टेस्ट करायची. एका बोअरमधून ठरावीक दराने उपसा करायचा, शेजारच्या बोअरची पातळी मोजत राहायची आणि नमुने तपासायचे. शेजारची पातळी हललीच नाही, तर तिथली भेग बहुधा जोडलेली नाही. तिथली घाण या पंपाने निघणार नाही. उलट भलत्याच जागी उपसा केला, तर घाण चांगल्या विहिरीकडे ओढली जाते.

उपसलेलं पाणीही नाल्यात सोडायचं नाही, शुद्ध करायचं. पंप थांबल्यावर भेगांतलं बेंझीन पुन्हा पाण्यात उतरू शकतं, म्हणून नंतरही तपासणी हवीच. दुष्काळी भागात एकेक बोअर मोलाची. मोटरचं बटण दाबण्याआधी टेप आणि घड्याळ हाती घ्या!