उसाचा ट्रॅक्टर आणि तापमानाचा काटा

गळिताच्या हंगामात रेठरे, साखराळे इथल्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले ट्रॅक्टर आपण पाहिले असतील. चढ लागला की वेग मंदावतो, धूर काळा होतो आणि ड्रायव्हर समोरच्या काट्याकडे पाहतो. हा काटा रेडिएटरच्या पाण्याचे तापमान दाखवतो. पण तेवढे पुरेसे आहे का?

थोडा हिशेब करू. एकूण वजन २० टन, वेग ताशी १० किलोमीटर आणि चढ ४० मीटरला १ मीटर असे धरू. वजन वर चढवायला सुमारे १४ किलोवॅट शक्ती लागते. चाकांना रस्त्याचा होणारा विरोध वजनाच्या दोन टक्के मानला, तर आणखी ११ किलोवॅट. एकूण २५. याच्या दहाव्या हिश्शाएवढी शक्ती गिअरच्या घर्षणात आणि तेल घुसळण्यात जाते असे मानू. म्हणजे गिअरबॉक्समध्ये अडीच किलोवॅट उष्णता निर्माण होते. बादलीत पाणी तापवायचे दोन रॉड तेलात बुडवून ठेवावेत तशी! रेडिएटरचे पाणी इथे फिरत नाही, म्हणून काट्याला याचा पत्ताच नसतो.

मात्र ४० लिटर तेल आणि ३०० किलो ओतीव लोखंड धरले, तर तापमान एक अंशाने वाढायला दीड मिनिटाच्या आसपास लागते. धोका सावकाश वाढतो; तेल तापून पातळ झाले की दातांमधला तेलाचा थर विरळ होतो आणि झीज वाढते.

धुराड्यातल्या वायूंची गोष्ट उलटी आहे. डिझेल इंजिनात ओझ्याप्रमाणे इंधन वाढते, पण हवा त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे वायूंचे तापमान काही सेकंदांत चढते. पूर्ण ओझ्याखाली ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या मिश्रधातूचे पिस्टन त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागतात. पाण्याचा काटा हलेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. काळा धूर ही त्याची आधीची सूचना. अशा वेळी खालचा गिअर टाकून, वेग कमी करून चढणे शहाणपणाचे.

हे तापमान मोजायला साधा तापमापक चालत नाही. तिथे तापयुग्म लागते. दोन वेगळ्या धातूंच्या जोडांचे तापमान भिन्न असेल तर विद्युतदाब निर्माण होतो, हे सीबेक यांना १८२१ मध्ये आढळले. क्रोमेल-अ‍ॅल्युमेल जोडीत ६०० अंशांना सुमारे २५ मिलिव्होल्ट मिळतात.

वर्गात हे करून पाहता येईल. लोखंडी तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याची एकेक तार पीळ देऊन जोडा. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा गार पाण्यात ठेवा आणि तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला लावा. एक मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारा: ट्रॅक्टरला एकच जादा काटा बसवायचा असेल, तर तो कुठे बसवाल, आणि का?