मालवाहू पिकअपची निगा व वाटेंतील अडचणी

बैलगाडीनें माल बाजारास नेण्याच्या काळीं गाडी जुंपण्यापूर्वीं आंसाला वंगण आहे कीं नाहीं, चाकाची धांव सैल झाली आहे काय, जुंवाच्या शिवळा शाबूत आहेत काय, हें घरचा कर्ता पुरुष स्वतः पाहत असे. तें काम गड्यावर सोंपविण्याची चाल नव्हती. आतां पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत पिकअप उभी असते. पण तिच्या बाबतींत ही जुनी चाल कोठें लोपली तें कळत नाहीं. डिझेल भरलें व हप्ता भरला कीं मालकाचें कर्तव्य संपलें, असें मानण्याचा प्रघात पडला आहे. आम्हीहि या प्रघातास अपवाद नव्हतों, हें प्रथमच कबूल करणें बरें.

गेल्या पावसाळ्यांत आमची गाडी टोमॅटो भरून नारायणगांवाकडून माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास निघाली. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. निघण्यापूर्वीं चार दिवस तो सांगत होता, "तात्या, सकाळीं गाडी चालूं करतांना पट्टा किंचाळतो." आम्हीं उत्तर दिलें, "एवढी तोडणी उरकूं दे, मग पाहूं." घाट सुखरूप उतरला. टोकावडें मागें पडल्यावर समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला आणि थोड्याच वेळांत उष्णतेचा कांटा वर चढूं लागला. मुरबाड आतां जवळच आहे, तेथें पोंचून पाहूं, असा विचार त्यानें केला. मुरबाड येण्यापूर्वींच इंजिन बसलें. माल दुसऱ्या गाडींत चढवून कल्याणास पोंचला तों सौदे आटोपले होते, आणि नरम पडलेला टोमॅटो मिळेल त्या भावानें द्यावा लागला. पट्ट्याची किंमत कांहीं शें रुपये. इंजिनाचें हेड उघडून तें घासून घेण्याचा व गॅस्केट बदलण्याचा खर्च त्या तोडणीची सर्व प्राप्ति घेऊन गेला. यांत दोष पोराचा थोडा व आमचा फार होता.

गाडी बंद पडते रस्त्यांत, पण बिघाड बहुधा घरींच सुरू झालेला असतो व त्यानें आधीं हांकहि दिलेली असते. आमच्या गाडीपुरतें पाहूं. बहुतेक पिकअपांत इंजिनाच्या तोंडाशीं जो रबरी पट्टा फिरतो, तोच पाण्याचा पंप फिरवितो व तोच बॅटरी भरणारें यंत्रहि फिरवितो. तो तुटतांच वीज तयार होणें थांबतें, म्हणून बॅटरीचा दिवा आधीं लागतो. पाणी फिरणें थांबतें, म्हणून कांटा मागाहून चढतो. हीं दोन्ही लक्षणें एकत्र दिसलीं कीं पट्टा गेला असें समजावें व त्याच ठिकाणीं, सुरक्षित जागा पाहून, इंजिन बंद करावें. कांहीं गाड्यांत ब्रेकला जोर देणारा पंपहि याच पट्ट्यावर चालतो. तेथें ब्रेक दगडासारखा कठीण लागूं लागतो. थांबल्यानें दोन तास जातात; न थांबल्यानें इंजिन जातें. पट्टा ओरडूं लागला, किंवा त्याच्या आंतल्या अंगास आडव्या चिरा दिसूं लागल्या, म्हणजे तो बदलावाच. आणि एक नवा पट्टा पान्ह्यांसह गाडींत ठेवावा.

पट्टा शाबूत असूनहि गाडी तापते, ती बहुधा पाणी कमी झाल्यामुळें किंवा रेडिएटरच्या जाळींत गवताचें बीं, माती व किडे अडकून वारा बंद झाल्यामुळें. शेतरस्त्यानें जाणाऱ्या गाडीची जाळी महिन्यांतून एकदां पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. झांकण फिरवितांच तें उसळून तोंड व हात भाजतें. निदान अर्धा तास थांबावें, मग जाड फडकें धरून झांकण थोडें फिरवावें, वाफ जाऊं द्यावी व नंतर काढावें. थंड पाणी एकदम ओतूं नये. तापलेल्या लोखंडास तडा जातो. येथें विहिरीच्या पाण्याविषयींहि सांगितलें पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. ठिबकाच्या नळ्या ज्या क्षारानें चोंदतात, तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांतहि बसतो. अडल्या वेळीं कोणतेंहि स्वच्छ पाणी चालेल, पण घरीं आल्यावर तें काढून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट भरावें.

आतां घाटाविषयीं. चढणीवर गाडी बंद पडली तर माल अडकतो. उतरणीवर ब्रेक गेला तर माणूस जातो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितों. भरलेली गाडी लांब उतारावर केवळ ब्रेकवर धरून ठेवली, म्हणजे ब्रेक तापत जातात, त्यांची पकड सुटते, आणि ब्रेकचें तेल जुनें असेल तर त्यांत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन पायाखालीं पोकळी लागते. जळका वास येणें ही पहिली सूचना होय. उपाय जुनाच आहे: जो घाट ज्या गिअरमध्यें चढतां येईल, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा. म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें. ब्रेक अधूनमधून घट्ट दाबून सोडावा, सतत टेकून ठेवूं नये. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें घालून किंवा इंजिन बंद करून सोडण्याची खोड कित्येकांस आहे. त्यांत जें डिझेल वांचतें त्याचा हिशेब आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु इंजिन बंद होतांच ब्रेकची मदत दोनचार दाबांत संपते व ज्या गाड्यांस पॉवर स्टिअरिंग आहे त्यांचें चाक जड होतें, हें ठाऊक आहे. वास आला तर गाडी बाजूस घेऊन चाकें आपोआप निवूं द्यावीं, त्यांवर पाणी मारूं नये. ब्रेक अजिबात लागेनासा झालाच तर पायानें तो भराभर दाबीत राहावें, एकेक गिअर खालीं आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या अंगास गाडी घासून थांबवावी. दरीच्या अंगास वळूं नये. ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलून घ्यावें. तें दिसावयास स्वच्छ असलें तरी हवेंतील ओल शोषीत असतें.

या सर्वांच्या मुळाशीं अधिक भार हें कारण पुष्कळदां असतें. आपल्या गाडीवर किती माल घालावा, हें दुसऱ्याच्या गाडीकडे पाहून ठरवूं नये. नोंदणीपत्रांत भारासह वजन व रिकामें वजन अशीं दोन्ही दिलेलीं असतात; वजाबाकी केली कीं उत्तर मिळतें. समजा तें दीड हजार किलो आलें. टोमॅटोचें क्रेट वीस किलोचें, आणि रिकामें क्रेट दीड किलोचें धरलें, तर सत्तर क्रेटांतच मर्यादा गांठली जाते. गाडींतील माणसें वेगळींच. भाव चढला कीं शंभर क्रेट चढतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें अधिक भारास वीस हजार रुपये, व शिवाय प्रत्येक अधिक टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. दंड चुकविला तरी टायर, पाटे व ब्रेक आपला दंड वसूल करतातच.

टायर फुटतो तो खिळ्यामुळें कमी व हवा कमी असल्यामुळें अधिक. सैल टायर प्रत्येक फेऱ्यास दबतो, उठतो व त्यामुळें आंतून तापतो. हवा गाडी चालण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावी. किती भरावयाची तें दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकांत लिहिलेलें असतें, व भरल्या गाडीस मागील चाकांचा आंकडा वेगळा असतो. स्टेपनीची हवाहि त्याच वेळीं पाहावी. ती गाडीखालीं लोंबत असते म्हणून विसरली जाते. उन्हाळ्यांत एकदां घरींच चारी चाकांचे नट सोडून पाहावे. गंजून बसलेला नट अंगणांत सुटणें व पावसांत रात्रीं घाटांत सुटणें यांत फार अंतर आहे.

रस्त्यावर चाक बदलतांना सपाट, कठीण जागेपर्यंत गाडी हळू न्यावी. टायर गेला तरी चालेल. हातब्रेक ओढून गिअर घालावा व समोरासमोरच्या चाकास मोठा दगड लावावा. नट आधीं, चाक जमिनीवर असतांनाच, थोडे सैल करावे. मग जॅक लावावा. ओल्या साइडपट्टीवर जॅक रुततो, म्हणून त्याखालीं घालण्यास लांकडाची जाड फळी हौद्यांत असूं द्यावी. पूर्ण भरलेल्या गाडीस जॅक पेलत नसेल, तर त्या अंगाचीं क्रेट उतरवावीं. हट्ट करूं नये. जॅकवर उभ्या गाडीखालीं कोणीहि डोकें घालूं नये. नट एकाआड एक, समोरासमोरचे घट्ट करीत जावे, आणि साधारण पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हां एकदां आवळावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. इंजिनाचें तेल सकाळीं, सपाट जागीं, गाडी चालूं करण्यापूर्वीं पट्टी पुसून पाहावें. तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजून गाडी चालवूंच नये. हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत दर पंधरवड्यास काढून, आंतून बाहेर अशा हलक्या हवेनें झाडावा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, ती गरम पाण्यानें धुवून टोकें घट्ट करावीं. गाडी "टक्" आवाज करून थांबते, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. ट्रॅक्टरसाठीं पिंपांत साठविलेलें डिझेल पिकअपमध्यें ओतणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं पिंपाच्या तळाशीं पाणी सांचतें. फिल्टरचा पाण्याचा दिवा लागल्यास त्याच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावें. टाकी कोरडी पडूं दिल्यास नळ्यांत हवा शिरते, व पुन्हां डिझेल भरूनहि गाडी चालूं होत नाहीं. फिल्टरवर हातपंप असल्यास तो कठीण लागेपर्यंत दाबावा. नव्या इंजिनांच्या जाड लोखंडी नळ्यांस मात्र पान्हा लावूं नये. त्यांतील दाब कातडी भेदण्याइतका असतो.

गाडी थांबली कीं चारी पिवळे दिवे प्रथम लावावे. तांबडा चमकणारा त्रिकोण निदान पन्नास मीटर मागें ठेवावा, आणि गाडी वळणापलीकडे असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसांनीं गाडीच्या मागें उभें राहूं नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व जिवावरच्या प्रसंगीं ११२ या क्रमांकांवर मदत मागतां येते. त्रिकोण नसेल तर आपले लोक झाडाची फांदी व दगड मांडतात. अडचणींत तेंहि क्षम्य आहे. पण गाडी सुरू झाल्याच्या आनंदांत ते दगड तसेच टाकून जातात, व तासाभरानें त्याच दगडांवर गांवचाच एखादा मोटारसायकलवाला आपटतो. दगड उचलून गटारांत टाकल्यावांचून चालकानें आपल्या जागीं बसूं नये.