कोळसा हाताला गार लागतो, म्हणून पोत्यात भरू नका!

लोणारी कोळशाचा धंदा सुरू करताय? मग आधी एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. काल संध्याकाळी भट्टी बंद केली. सकाळी ड्रमचा पत्रा गार आहे. ढाब्याची ऑर्डर आहे, टेम्पो दारात उभा आहे. तुम्ही वरून हात लावून बघता आणि पोती भरता. रात्री गोडाऊनमधून धूर!

असं का होतं? पत्र्यातून उष्णता झटकन निघून जाते, कोळशातून ती फार हळू सरकते. लाकडातलं पाणी, डांबर, वायू निघून गेले तरी त्याच्या बारीक नळ्यांचा सांगाडा तसाच उरतो आणि त्यात हवा भरते. हवा उष्णतेची अगदी वाईट वाहक. मोजायचंच झालं, तर तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, कोळशाची ०.१ च्या आसपास. सोनार दागिना जोडताना कोळशाच्या ठोकळ्यावर का ठेवतो? ज्योतीची उष्णता खाली पळून जात नाही म्हणून.

आणि ही गंमत तुमच्या हातालाही फसवते. कोळसा बोटात उष्णता हळू सोडतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा गार वाटतो.

त्यात ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि स्वतःच थोडा तापतो. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर ढीग आतून पेटतो. ढीग सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर मधली उष्णता बाहेर यायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो! म्हणून माल पातळ पसरा, वरखाली करा. लांब दांडीचा थर्मामीटर घ्या आणि ढिगाच्या पोटात खुपसून बघा. पाणी मारून घाई करू नका. वरचा थर काळा पडतो, आतला निखारा तसाच राहतो, आणि ओला माल गिऱ्हाईक परत पाठवतं ते वेगळंच.

एक्स्पोर्टचं स्वप्न असेल तर अजून एक. समुद्रमार्गे कोळसा पाठवायचे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२६ पासून कडक झालेत. कोळसा धोकादायक माल म्हणूनच जाहीर करावा लागतो. नेहमीचा मार्ग म्हणजे तयार झाल्यावर किमान १४ दिवस हवेवर मुरवायचा आणि भरायच्या दिवशी तापमान ४० अंशांच्या वर नको.

आता हे १४ दिवस हिशेबात धरा. रोज १०० किलो माल निघत असेल, तर १,४०० किलो कायम शेडमध्ये पडून राहणार. त्याचं लाकूड, मजुरी तुम्ही आधीच भरलेली असते, पैसे मात्र आलेले नसतात. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करताना खेळत्या भांडवलात हा आकडा लिहा, आणि शेड मोजतानाही पोत्यांच्या थप्पीची नाही, पसरलेल्या मालाची जागा धरा.